एकाच मालिकेत एक भाग देखणा आणि पुढचा सुमार असं का होतं? खरंच बजेट संपतं का?

पाटीपुस्तक

नवा भाग आला की आपल्याकडच्या ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) गटांवर तासाभरात ठरलेला प्रकार सुरू होतो. मारामारीतला एखादा क्षण थांबवून कुणीतरी वाकडातिकडा चेहरा टाकतं आणि खाली रांगेने प्रतिसाद येतात: "बजेट संपलं." पुढच्या आठवड्यात त्याच मालिकेचा भाग डोळे दिपवणारा निघाला की तेच लोक "या भागावर सगळा पैसा ओतला" म्हणतात. हे स्पष्टीकरण पटत नाही, पण मग खरं कारण काय ते कुणी नीट मांडलेलंही दिसत नाही. म्हणून इथल्या जाणकारांना विचारतोय.

'जुजुत्सु काइसेन'चा दुसरा सीझन (२०२३) एकाच स्टुडिओने केला, तरी शिबुया या कथाभागात भागाभागांत एवढा फरक का? 'वन पंच मॅन'चा दुसरा सीझन घसरला तो फक्त स्टुडिओ बदलला म्हणून का? मुद्दाम सैल काढलेलं चित्र आणि खरोखर बिघडलेलं चित्र ओळखायचं कसं? आणि 'वन पीस' रेंगाळते, तो दोष चित्रांचा की आणखी कशाचा?

मतं बेधडक द्या, पण कारणासकट.

कोन्तेवाचक

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बजेट मधल्या एखाद्या भागात "संपत" नाही, कारण ते बहुतेक वेळा मालिका सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं. मालिकेमागे निर्मिती समिती असते: मंगाचा, म्हणजे मूळ जपानी चित्रकथेचा प्रकाशक, संगीत कंपनी, वाहिनी, जाहिरात संस्था, खेळणी बनवणारे. हे मिळून पैसा घालतात आणि स्टुडिओला ठरलेली रक्कम देतात. समितीत स्टुडिओचा वाटा नसेल, तर मालिका कितीही गाजली तरी नफ्यातलं फारसं काही त्याच्या हाती लागत नाही. 'चेनसॉ मॅन'मध्ये (२०२२) मापा या स्टुडिओने सगळा पैसा स्वतः घातला, त्याची एवढी चर्चा झाली ती त्यामुळेच.

खरी टंचाई वेळेची आणि माणसांची. दूरचित्रवाणीवरच्या भागात ओपनिंग-एंडिंगची दीड-दीड मिनिटं वजा केली तर साधारण ३०० कट, म्हणजे सलग दृश्यतुकडे, उरतात. यातला प्रत्येक कट एका लांबलचक साखळीतून जातो. आधी ई-कोन्ते, म्हणजे चित्रांतली पटकथा: कॅमेरा कुठे, पात्र काय करतंय, कट किती सेकंदांचा. त्यावरून मुख्य ॲनिमेटर लेआउट काढतो, म्हणजे चौकटीतली जागा, पार्श्वभूमीचा कोन आणि हालचालीचा कच्चा आराखडा. तो आधी भागाच्या दिग्दर्शकाकडे जातो, मग साक्कानकडे, म्हणजे चित्रांवर देखरेख ठेवणाऱ्याकडे. साक्कान वेगळ्या रंगाच्या कागदावर दुरुस्ती काढून परत पाठवतो. मग त्याच ॲनिमेटरने गेंगा, म्हणजे हालचालीतली कळीची चित्रं, पक्की करायची. पुन्हा तपासणी. त्यानंतर दोगा, म्हणजे मधली चित्रं, मग रंग, आणि शेवटी सात्सुएई, जिथे चित्र, पार्श्वभूमी, प्रकाश आणि सीजी एकमेकांत बसवतात.

वेळ कमी पडली की पहिला बळी जातो तो वरच्या "त्याच ॲनिमेटरने" या दोन शब्दांचा. कच्चा लेआउट झाला की तो काढून घेतात आणि पक्कं करायचं काम दुसऱ्याला देतात. याला दुसरा गेंगा म्हणतात. हा दुसरा माणूस भागाच्या बैठकीला नसतो. कोपर इथे वर का उचललंय, पुढच्या चित्रात वजन कुठल्या पायावर जाणार आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तो रेषा स्वच्छ करतो आणि हालचालीतला जोर निघून जातो. दुसरा बळी साक्कानचा. कट एकगठ्ठा शेवटच्या दिवसांत येऊन पडतात, एकट्याला झेपत नाहीत, म्हणून दहा-पंधरा जणांत वाटले जातात. मग एका कटमध्ये नाक टोकदार, पुढच्यात बसकं. दोगा कोरिया, चीन, फिलिपिन्स, व्हिएतनामला रातोरात जातो आणि चूक सापडली तरी पुन्हा काढायला वेळ उरत नाही. शेवटच्या टोकाला बसलेल्या सात्सुएई विभागाला दिवसांऐवजी तास मिळतात.

इथे पैशाने फारसं काही होत नाही. चांगले मुख्य ॲनिमेटर बहुतेक फ्रीलान्स असतात आणि त्यांच्या तारखा खूप आधीच भरलेल्या असतात. तिजोरी उघडली तरी हवा तो माणूस पुढच्या गुरुवारपर्यंत मोकळा होत नाही.

आता 'जुजुत्सु काइसेन'. २०२३ च्या नोव्हेंबरात मापाकडे शिबुया कथाभागाचे साप्ताहिक भाग होते आणि त्याच महिन्यात 'अटॅक ऑन टायटन'चा शेवटचा विशेष भागही प्रसारित झाला. त्या सुमारास मालिकेवर काम करणाऱ्या ॲनिमेटरांनी वेळापत्रकाबद्दल समाजमाध्यमांवर उघडपणे लिहिलं. आणखी एक गोष्ट लोक लक्षात घेत नाहीत. दिग्दर्शक शोता गोशोझोनो यांनी तरुण ॲनिमेटरांना पुष्कळ मोकळीक दिली होती. महत्त्वाकांक्षी कोन्ते आणि तुटपुंजा वेळ एकत्र आले की निकाल दोन टोकांना जातो: ज्यांना थोडा अवधी मिळाला त्यांचे कट थक्क करणारे, ज्यांना मिळाला नाही त्यांचे अर्धवट. बेताची उडी घेणाऱ्या मालिकेत हा चढउतार दिसत नाही, कारण तिथे मुळात कुणी फार काही करायला जात नाही. मला तरी शिबुयातले उणे-अधिक भाग त्या सपाट मालिकांपेक्षा जवळचे वाटतात.

हे सगळं घरबसल्या ओळखायचं असेल तर शेवटची श्रेयनामावली वाचा. साक्कान एक ते तीन असतील तर भाग बहुधा निवांत झालाय. दहाच्या वर गेले की सावध व्हा. मात्र मोठ्या मारामारीच्या भागात ॲक्शनचे साक्कान वेगळे नेमतात, त्यामुळे नुसता आकडा पुरत नाही. जोडीला दुसऱ्या गेंगाची यादी पाहा. ती पहिल्या यादीइतकी किंवा त्याहून लांब असेल तर घाई झाली हे जवळपास नक्की. निर्मिती सहकार्य म्हणून दुसऱ्याच स्टुडिओचं नाव दिसलं तर अख्खा भाग बाहेर दिलेला असतो. ते वाईटच असतं असं नाही. कितीतरी मालिकांचे उत्तम भाग असे बाहेर झालेत.

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे क्योटो ॲनिमेशन. तिथली माणसं मुख्यतः पगारी आणि एकाच छताखालची, त्यामुळे कट हातोहात फिरतो आणि "हे असं का काढलंस" विचारायला शेजारच्या टेबलापर्यंत जावं लागतं, बस. युफोटेबलचा सात्सुएई विभाग घरचाच आहे. 'डिमन स्लेअर'चा १९ वा भाग (ऑगस्ट २०१९) लोक ॲनिमेशनसाठी डोक्यावर घेतात. माझ्या मते त्यातलं अर्धं श्रेय सात्सुएईचं आणि गाणं नेमक्या जागी सुरू करणाऱ्यांचं आहे. 'फ्रीरेन' (मॅडहाउस, २०२३-२४) तर २८ भागांत पातळी जवळपास सोडत नाही, आणि तीही कप उचलणं, झगा सावरणं असल्या साध्या हालचालींत. गटांवर मात्र चर्चा फक्त जादूच्या लढायांची होते, याचं वाईट वाटतं.

सावरी

कोन्तेवाचक यांच्याशी सहमत. तिसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण बदनामी तिथेच होते.

ॲनिमेत सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी पात्राची चित्रं बहुतेक वेळा १२ किंवा ८ च असतात. एवढ्या कमी चित्रांत हात खांद्यापासून दुसऱ्या टोकाला गेला तर तो उडी मारल्यासारखा दिसेल. म्हणून मध्ये एक ओढलेलं, ताणलेलं चित्र घालतात, ज्याला स्मिअर म्हणतात. ते पडद्यावर सेकंदाच्या बाराव्या किंवा चोविसाव्या हिश्श्यापुरतं असतं. डोळ्याला ते चित्र म्हणून दिसत नाही, वेग म्हणून जाणवतं. नेमकं तेच थांबवून "बघा काय काढलंय" म्हणणं म्हणजे ज्या कामासाठी ते काढलं त्यापासूनच ते तोडणं. दूरच्या पात्रांचे चेहरे मोठे करून टाकणारेही असेच. चौकटीत पात्र अंगठ्याएवढं असेल तर डोळ्यांच्या जागी दोन ठिपकेच काढायचे असतात, नाहीतर रेषा एकमेकींत मिसळून डाग दिसतो.

'नारुतो शिपुदेन'चा १६७ वा भाग, पेन या खलनायकाविरुद्धच्या लढाईचा, या वादाचा कायमचा मानकरी. दिग्दर्शक आत्सुशी वाकाबायाशी यांचा भाग. त्यात चेहरे रबरासारखे ताणले जातात आणि थांबवलेली चित्रं आजही फिरतात. मी तो भाग त्या मालिकेतल्या सर्वोत्तम कामांत धरते. ताबा सुटलेलं शरीर, प्रत्येक धडकेला उसळणारी जमीन, उडणाऱ्या ढेकळांचं वजन, हे सगळं हालत्या चित्रात पाहिलं की ताणलेले चेहरे त्या रागाचाच भाग वाटतात. तरी ज्यांना तो खटकला त्यांची तक्रार पोकळ नाही. आधीच्या भागांनी प्रेक्षकाला या चित्रभाषेची सवयच लावलेली नव्हती आणि गाभ्यातल्या लढाईत ती अचानक समोर आली. 'पिंग पाँग'मध्ये (२०१४) दिग्दर्शक मासाआकी युआसा पहिल्या मिनिटापासून डगमगती रेषा वापरतात, म्हणून तिथे अशी तक्रार फारशी येत नाही.

ओळखायचं कसं? हलतं पाहा. चित्र हालचालीच्या दिशेनेच ताणलंय का, पाय टेकल्यावर वजन जाणवतं का, आणि पात्र थांबलं की ते मूळ आकारात येतं का. तिन्ही होत असेल तर ते मुद्दाम आहे. पात्र नुसतं उभं राहून बोलतंय, जवळचा कट आहे, आणि तरी एक डोळा दुसऱ्यापेक्षा खाली सरकलाय किंवा बोलताना जबडा चेहऱ्यापासून सुटल्यासारखा हलतोय, तर ते बिघडलंय.

खरोखर बिघडलेल्याची प्रसिद्ध उदाहरणं आहेत. १९९८ च्या 'लॉस्ट युनिव्हर्स'चा चौथा भाग जपानी चाहत्यांत या प्रकारासाठी कायमचा बदनाम झाला. आणि २००६ च्या 'योआके माए योरी रुरीइरो ना' या मालिकेच्या तिसऱ्या भागातला कोबी. स्वयंपाकघर, पाटावर कोबी, सुरी चालतेय. कोबीला पानं नाहीत, पापुद्रे नाहीत, देठ नाही. गुळगुळीत हिरवा गोळा, आणि त्याच्या चकत्या पडतायत. ज्याने काढलं त्याच्याकडे कोबी पाहून काढण्याइतकाही अवधी नव्हता आणि ज्याने तपासायचं त्याच्यापर्यंत तो कट वेळेत पोहोचला नाही, याखेरीज असं चित्र पडद्यावर येण्याचं कारण मला तरी सुचत नाही. डीव्हीडीत तो दुरुस्त झाला. 'ड्रॅगन बॉल सुपर'चा पाचवा भाग (२०१५) असाच, त्याचीही चित्रं नंतर डिस्कवर सुधारली. म्हणून जुन्या भागाबद्दल वाद घालताना आधी विचारा: प्रसारणातली आवृत्ती की ब्लू-रेची?

चाहत्यांच्या वागण्याबद्दल. २००७ मध्ये 'गुरेन लगान'च्या चौथ्या भागात ओसामू कोबायाशी यांची वेगळी शैली पाहून जपानी फोरमवर टीकेची झोड उठली. स्टुडिओतल्या मंडळींनी त्या टीकाकारांबद्दल अपमानास्पद लिहिलं, ते बाहेर आलं आणि गायनॅक्स या त्या स्टुडिओच्या संस्थापकांपैकी ताकामी आकाई यांना पद सोडावं लागलं. आजही तो भाग पाहिला तर त्यात घाईपेक्षा निवडच जास्त दिसते. मधल्या चित्राला साधारण २०० येनच्या आसपास मोबदला मिळतो असं वर्षानुवर्षं सांगितलं जातंय. त्या दराने काम करणाऱ्याला नावानिशी टॅग करून शिव्या घालायच्या, हे मला कुठल्याही परिस्थितीत मान्य नाही. कट सांगा, मिनिट-सेकंद सांगा, काय चुकलं ते सांगा. माणसाला सोडा.

तिठ्यावरचा

माणसाला सोडा, एकदम मान्य. पण "वेळ नव्हता" हे कारण झालं, गुणांकन नव्हे. प्रेक्षकाने समोर आलेलंच पाहायचं असतं. भाग कमी पडला तर तो कमी पडला असं म्हणण्यात गैर काही नाही, आणि ते म्हटलं नाही तर समित्यांना तारखा पुढे ढकलायचं कारणच उरत नाही. २०२१ च्या 'वंडर एग प्रायॉरिटी'चं बघा. आठवा भाग वेळेअभावी उजळणीचा निघाला आणि कथेचा शेवट काही महिन्यांनी विशेष भागात आला. तोवर त्या कथेची घडी विस्कटलेली होती. चित्रं सुंदर होती म्हणून मी ते माफ करत नाही.

दुसरं म्हणजे ॲनिमेशन आणि दिग्दर्शन यांची गल्लत. 'वन पंच मॅन'चा पहिला सीझन (२०१५) मॅडहाउसचा होता हे खरं, पण ती करामत नावाच्या पाटीची नव्हती. दिग्दर्शक शिंगो नात्सुमे यांच्या ओळखीतले आणि त्यांच्याबरोबर काम करायला उत्सुक असलेले नामांकित फ्रीलान्स ॲनिमेटर तिथे जमले. दुसऱ्या सीझनला (२०१९, जे. सी. स्टाफ) दिग्दर्शक वेगळे, त्यामुळे तो गोतावळाही आला नाही. 'मॅडहाउसकडे परत द्या' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: त्याच पाटीखाली वेगळी माणसं बसली तर पहिला सीझन परत येणार नाही. दुसऱ्या सीझनचा माझा खरा आक्षेप ठोशांच्या मांडणीवर आहे. ठोसा बसण्याआधीची थांबण्याची जागा आणि बसल्यानंतरची शांतता, दोन्ही कापलेल्या. त्यासाठी जास्त चित्रं लागत नाहीत, कोन्ते नीट लागतो.

'चेनसॉ मॅन'ची गोष्ट उलटी. चित्रकाम अव्वल, बारा भागांना बारा वेगळी एंडिंग, आणि तरी जपानमधल्या काही चाहत्यांनी मालिका नव्याने बनवा म्हणून सह्यांची मोहीम काढली. कारण दिग्दर्शक र्यू नाकायामा यांनी दबक्या आवाजाचा, जिवंत चित्रपटासारखा सूर घेतला आणि मंगातला धसमुसळेपणा बाजूला ठेवला. मला तो सूर आवडतो, विशेषतः आकी या पात्राच्या घरातली सकाळ. पण सह्या करणाऱ्यांचा मुद्दा ॲनिमेशनबद्दल नव्हताच. "एवढं छान काढलंय तरी कुरकुर करतात" हे त्यांना उत्तर होऊ शकत नाही.

आणि कमी चित्रं म्हणजे कमी दर्जा नव्हे. 'इव्हँगेलियन'च्या (१९९५-९६) २२ व्या भागात असुका आणि रेई लिफ्टमध्ये उभ्या आहेत. जवळपास मिनिटभर चित्र हलतच नाही, फक्त लिफ्टचा आवाज. त्यात चित्रं वाचली हे खरं, पण दोघींमधला अवघडलेपणा त्या मिनिटातच कळतो.

पाटीपुस्तक

सगळ्यांचे आभार, बरंच उलगडलं. सावरी, "हलतं पाहा" पटलं, पण एका सेकंदात किती चित्रं आहेत हे घरी मोजता येतं का? आणि मोठ्या टीव्हीवर काही भाग विचित्र गुळगुळीत दिसतात, तो काय प्रकार?

फ्रेममोजणी

दोन्हीचं उत्तर एकाच ठिकाणी आहे.

मोजायचं असेल तर संगणकावर व्हीएलसीमध्ये फाइल थांबवून 'ई' कळ दाबा, दर दाबाला एक फ्रेम पुढे जाते. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ पुढे नेते, स्वल्पविरामाची मागे. म्यूझ एशियासारख्या अधिकृत वाहिनीवरचे भाग घ्या. चाहत्यांनी चढवलेल्या तुकड्यांत पुष्कळदा ३० फ्रेम केलेल्या असतात, मध्ये नकली दुहेरी फ्रेम येतात आणि मोजणी चुकते. एक सेकंद, म्हणजे २४ वेळा कळ दाबा आणि पात्राचं चित्र किती वेळा बदललं ते मोजा. २४ वेळा बदललं तर प्रत्येक फ्रेमला नवं चित्र, १२ वेळा तर दोन फ्रेमला एक, ८ वेळा तर तीन फ्रेमला एक. नजर पात्रावरच ठेवा. कॅमेरा सरकत असेल तर पार्श्वभूमी प्रत्येक फ्रेमला हलते आणि सगळंच हलतंय असा भास होतो. संवादाच्या कटमध्ये तर पुष्कळदा तोंडाची तीनच चित्रं आलटून-पालटून फिरतात: मिटलेलं, अर्धं, उघडं. बाकी चेहरा स्थिर.

चांगला ॲनिमेटर एकाच कटमध्ये हा हिशेब बदलतो. झेप घेण्याआधी तीन फ्रेमला एक, झेपेच्या क्षणी प्रत्येक फ्रेमला एक, जमिनीवर टेकला की पुन्हा तीनला एक. झेपेतला जोर या बदलातून येतो.

म्हणूनच टीव्हीचं मोशन स्मूदिंग बंद करा. टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या अंदाजाने चित्रं घुसवतो आणि ॲनिमेटरने मुद्दाम ठेवलेला थांबा पुसून टाकतो. शिवाय रेषांच्या कडेला पाण्यासारखी थरथर दिसते. सॅमसंगमध्ये 'पिक्चर क्लॅरिटी', एलजीमध्ये 'ट्रूमोशन', सोनीमध्ये 'मोशनफ्लो' अशा नावांनी ते चित्राच्या सेटिंगमध्ये असतं. यूट्यूबवर "६० फ्रेममध्ये सुधारलेली" म्हणून फिरणारी लढायांची क्लिप हाच प्रकार आहे. तिला सुधारणा म्हणणं मला अजिबात मंजूर नाही, त्यात मूळ कामाची मोडतोड होते.

आणखी दोन गोष्टी ॲनिमेटरच्या माथी मारल्या जातात. एक, अंधाऱ्या आकाशात दिसणारे पट्टे आणि चौकोन. ते स्ट्रीमिंगच्या दाबलेल्या दर्जामुळे येतात. फोनच्या ॲपमध्ये डेटा बचत चालू असेल तर हमखास. दुसरी, मोठ्या स्फोटाच्या वेळी चित्र अचानक काळवंडतं आणि फ्रेम एकमेकींवर सावलीसारख्या चढतात. त्याचं मूळ १६ डिसेंबर १९९७ च्या 'पोकेमॉन'च्या भागात आहे. लाल-निळ्या झगमगाटाने त्या रात्री जपानात सातशेच्या आसपास लोकांना, बहुतेक मुलांना, इस्पितळात न्यावं लागलं. त्यानंतर वाहिन्यांनी झगमगाटावर बंधनं घातली, म्हणून प्रसारणाच्या आवृत्तीत तसे कट मंद करतात. ब्लू-रेवर बहुतेक वेळा ते मूळ उजेडात परत येतात.

दर्यावर्दी

'वन पीस'चा प्रश्न राहिला, तो मी घेतो.

रेंगाळणं हा चित्रांचा दोष नाही, हिशेबाचा आहे. मालिका ऑक्टोबर १९९९ पासून दर आठवड्याला येत राहिली, आणि मंगाही साप्ताहिकच. मंगाचं एक प्रकरण साधारण १७ ते १९ पानांचं. मंगाकार ओदा मध्ये सुट्टी घेतात, मालिका घेत नसे. त्यामुळे मालिका मंगाच्या पाठीला येऊन टेकते. ड्रेसरोझा हा कथाभाग बघा: मंगात ७०० ते ८०१, म्हणजे १०२ प्रकरणं. मालिकेत भाग ६२९ ते ७४६, म्हणजे ११८ भाग. एका भागाला एक प्रकरणही येत नाही. मग उरलेली मिनिटं भरायला प्रत्येकाचा चकित चेहरा, लांबलेली धावाधाव, मागच्या भागाची उजळणी. बरीच वर्षं एंडिंग नव्हतं आणि ओपनिंग अडीच मिनिटांचं होतं. ओपनिंग आणि उजळणी ओलांडून पाहिलं तर भागात नवं साहित्य पुष्कळदा पंधरा-सोळा मिनिटांचंच उरतं.

'नारुतो' आणि 'ब्लीच' यांनी याच अडचणीवर दुसरा मार्ग काढला, मंगात नसलेल्या कथा भरल्या. त्याचा फायदा एवढाच की त्या गाळता येतात. मूळ 'नारुतो'त १३५ व्या भागापर्यंत पाहा, तिथून २२० वर या आणि मग 'शिपुदेन'. मधलं जवळपास सगळं भरतीचं आहे. 'वन पीस'मध्ये असं करता येत नाही, कारण पाणी प्रत्येक भागात थोडंथोडं मिसळलेलं आहे. काही चाहत्यांनी 'वन पेस' नावाने ते पाणी काढून नवी जुळणी केली, त्यातली मेहनत थोर आहे. पण ते अधिकृत नाही, आणि काही ठिकाणी पार्श्वसंगीत तुटल्याचं जाणवतं. मी नव्या माणसाला ड्रेसरोझापुरता मंगाच वाचायला सांगतो आणि होल केक आयलंड या कथाभागापासून मालिकेत परत बोलावतो.

जुलै २०१९ मध्ये वानो हा कथाभाग सुरू झाला (भाग ८९२) तेव्हा दिग्दर्शक तात्सुया नागामिने आणि पात्ररचनाकार मिदोरी मात्सुदा यांनी रूपच पालटलं. नागामिने यांनी त्याआधी 'ड्रॅगन बॉल सुपर: ब्रोली' (२०१८) केला होता, आणि त्या चित्रपटाचा धडा मोठा आहे. नाओहिरो शिंतानी यांनी पात्रांवरच्या रेषा आणि सावल्या कमी केल्या. कपड्याची प्रत्येक घडी काढायची नसली की ॲनिमेटरचा वेळ हालचालीवर खर्च होतो. कोन्तेवाचक म्हणतात ती वेळेची टंचाई अशीही थोडी भागवता येते, आधी आराखड्यातच. त्याच तोएई स्टुडिओने तीन वर्षांपूर्वी 'सुपर'चा तो पाचवा भाग केला होता हे लक्षात घ्या.

वानोतला १०१५ वा भाग (एप्रिल २०२२, दिग्दर्शक मेगुमी इशितानी) पाहाच. छतावर नायक लुफी येतो तिथे घाई कुठेच नाही, रंगसुद्धा भावनेप्रमाणे बदलतात. १०७१ वा, लुफीच्या गिअर ५ या नव्या रूपाचा (ऑगस्ट २०२३), जास्त गाजला, पण माझं मत १०१५ ला.

पाटीपुस्तक

म्हणजे आठवड्याची गाडी थांबली तर हा प्रश्न सुटेल?

दर्यावर्दी

अर्धा सुटेल. 'माय हीरो अकॅडेमिया' २०१६ पासून सीझनांत विभागूनच आली आणि पाणी घालावं लागलं नाही. 'ब्लीच' २०१२ ला ३६६ भागांवर थांबली, २०२२ ला परतली ती तुकड्यातुकड्यांत, मध्ये मोठ्या सुट्ट्या घेऊन, आणि दोन्हींतला फरक पहिल्या दहा मिनिटांत दिसतो. 'वन पीस'नेही ऑक्टोबर २०२४ ते एप्रिल २०२५ विश्रांती घेतली आणि २०२६ पासून वर्षाला जास्तीत जास्त २६ भाग, असं जाहीर केलं. त्यामुळे मंगाशी अंतर राहील.

राहिलेला अर्धा कोन्तेवाचक यांनी लिहिलाय तोच. सुट्टीच्या महिन्यांत स्टुडिओने पुढचे भाग तयार करून ठेवले तर उपयोग, नाहीतर सीझन सुरू झाल्यावर सहाव्या-सातव्या भागाला पुन्हा साक्कानांची लांब यादी दिसेल. एल्बाफ या कथाभागाचे भाग पाहताना तेवढी यादी बघत जा, आणि दुसरा गेंगा किती जणांचा आहे तेही.